मोजपट्टीवरचे उलटे आकडे

गल्लीत त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणायचे. ह्यात त्यांच्या हनुवटीचा काही दोष नव्हता, ती चारचौघांसारखीच होती. पण चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवताना समोर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं, "हनुवटी जरा खाली." नवरी असो, पोलीस असो, परीक्षेच्या फॉर्मसाठी आलेलं पोर असो. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की मान वर करतो आणि मान वर केली की एकतर गर्विष्ठ दिसतो नाहीतर घाबरलेला, असं काकांचं ठाम मत होतं. नाव पडायला एवढं पुरतं.

पुढे फोन सगळ्यांच्या हातात आले आणि फोटो काढून घ्यायला दुकानात जावं लागतं हेच लोक विसरले. काकांनी शटर ओढलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. घरात बसून बसून ते इंटरनेटवरच्या लिलावाच्या साइटवर पोचले. आपल्याकडची जुनी वस्तू तिथे मांडायची, आठवडाभर लोकांनी बोली लावायची आणि शेवटच्या घटकेला ज्याची बोली सगळ्यात वर, त्याची वस्तू. काका तिथे काही घ्यायला गेले नव्हते. लोकांचे फोटो बघून हसायला गेले होते.

हसण्यासारखं भरपूर होतं. एकाने भिंतीवरचं घड्याळ विकायला काढलं होतं, फोटोत निम्मं घड्याळ आणि निम्मा त्याचा अंगठा. दुसऱ्याने आरसा मांडला होता आणि आरशात तो स्वतः चड्डी-बनियनवर उभा. एका बाईंनी खुर्चीच्या फोटोत खुर्चीवर मावशीला बसवलं होतं. खुर्ची विकायची होती की मावशी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बोली अर्थातच आली नाही.

मग काकांनी शेजाऱ्यांच्या वस्तूंचे फोटो काढून द्यायला सुरुवात केली. उत्तरेकडची खिडकी, खाली पांढरा कागद, सावली उजळायला एक हाताएवढा आरसा. गंजका कंदील असा दिसायला लागला की मालकालाच तो विकवेना. मात्र वर्णन लिहायचं म्हटलं की काका ओठ मुडपायचे. फोटो बोलत असेल तर माणसाने मध्ये तोंड घालू नये, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं असं नाही. पण ऐकणं आणि ऐकून घेणं ह्यांत फरक असतो.

अशातच एका सोमवारी थोरल्या बहिणीचा निरोप आला. येऊन जा, एक वस्तू लिलावात टाकायची आहे.

ताई शिवणकाम करायच्या. करायच्या, असंच म्हणावं लागतं. गेल्या हिवाळ्यात मोठं आजारपण झालं आणि त्यातून उठल्या तेव्हा डावा हात थरथरायला लागला होता. ताई डावखुऱ्या. म्हणजे हात गेला तो नेमका कामाचाच. आता त्या चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायच्या. खिडकीजवळचं बेतायचं लांब टेबल तसंच होतं, खडूचे तुकडे डब्यात, खिळ्याला अडकवलेले कागदी साचे, कोपऱ्यात झाकलेलं मशीन. टेबलावर एकही चिंधी नव्हती.  त्या टेबलावर काकांनी आयुष्यात कधी लाकूड पाहिलं नव्हतं, कायम कापडच.

ताईंनी फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेली कात्री त्यांच्यासमोर ठेवली. वीतभर पाती, काळी मूठ, मशीनच्या तेलाचा वास. कोपरापासून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब.

"ही?" काका म्हणाले. "ही तर तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता आणि विनोद असूनही खरा होता. लहानपणी काकांनी एकदा चोरून त्या कात्रीने पतंगाचा कागद कापायला घेतला होता. कागद कापला गेलाच नाही, पात्यांमध्ये दुमडून बसला. वडिलांनी एकदा दोरी कापायला घेतली, दोरी नुसती चावली गेली. शिकायला येणाऱ्या मुलींचंही तेच. आणि तीच कात्री ताईंच्या हातात गेली की आठ पदरी कापडातून लोण्यासारखी जायची. असं का होतं, हे कुतूहल काकांना साठ वर्षं होतं. विचारलं की ताई एवढंच म्हणायच्या, "ती माझंच ऐकते." आणि गालात हसायच्या.

आता त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हात परत यायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. ती फडक्यात पडून राहिली तर मला झोप लागणार नाही. पण एक अट आहे, धाकट्या. भिंतीवर टांगणाऱ्याला ती जाता कामा नये. कापणाऱ्याच्या हातात गेली पाहिजे."

काकांनी शब्द दिला. ताईंचं म्हणणं आणखी एवढंच होतं की फोटो नीट काढ, शिवणाऱ्या माणसाला बघितल्यावर सगळं कळेल, सांगावं लागणार नाही. ह्या बाबतीत दोघं भावंडं एका माळेचे मणी. तिलाही वाटलं फोटो सांगेल आणि त्यालाही.

फोटो मात्र काकांनी जीव ओतून काढले. मंगळवारची सगळी सकाळ त्यात गेली. पात्यांवर खिडकीचा उजेड असा पडला की धार बोटाला लागेल असं वाटावं. एका फोटोत लांबी कळावी म्हणून बाजूला ताईंचीच कापडी मोजपट्टी अंथरली. मग फोनवर साफसफाई. खालच्या पात्यावर बारीक रेघा होत्या, ओरखडेच दिसत होते. चाळीस वर्षं लोकांचे मस आणि मुरमांचे डाग पुसणाऱ्या माणसाला ओरखडे सोडवतात होय? पुसले. शेवटी त्यांनी सगळे फोटो उलटे केले. म्हणजे आरशात दिसतात तसे, डावीकडचं उजवीकडे.

हे उलटं करणं हे काकांच्या धंद्यातलं गुपित होतं आणि आजवर त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशातच बघतो. भांग कुठल्या बाजूला, तीळ कुठल्या गालावर, सगळं आरशातलं पाठ झालेलं असतं. त्यामुळे खरा फोटो हातात दिला की गिऱ्हाईक म्हणतं, मी असा दिसत नाही. हे काकांना धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी कळलं आणि तेव्हापासून पासपोर्टचे सोडून प्रत्येक फोटो छापताना ते निगेटिव्ह पालथी घालायचे. गिऱ्हाईक खूश. का खूश, ते त्यालाही कळायचं नाही. आता फोनवर तर त्यासाठी एक बटणच होतं. कात्रीला आरशात बघायची सवय नसते, हा विचार बटण दाबणाऱ्या बोटापर्यंत पोचला नाही.

खाली वर्णन लिहिलं, "शिंपीकामाची जुनी कात्री. पोलादी. उत्तम स्थितीत." आणि लिलाव रविवारी संध्याकाळी सहाला संपेल असं टाकून काका चहा करायला उठले.

बुधवारी पहिली बोली आली. लावणाऱ्याने साइटवर स्वतःचं नाव "भिंतसजावट" असं ठेवलं होतं. काकांच्या मनात पाल चुकचुकली. पाठोपाठ त्याचा प्रश्नही आला. कात्रीवर गंज नाही का? थोडा असता तर बरं झालं असतं. काकांनी सभ्यपणे विचारलं की कापणाऱ्याला गंज कशाला हवा. तो माणूस मोकळ्या स्वभावाचा निघाला. त्याने कळवलं की तो हॉटेलं सजवतो, एका हॉटेलच्या भिंतीवर जुन्या कात्र्यांची रांग लावायची आहे, पाच मिळाल्यात, ही सहावी. पडू नये म्हणून दोन्ही कड्यांतून खिळे ठोकणार.

काका उठून येरझाऱ्या घालायला लागले. साइटचे नियम वाचले. एकदा बोली लागली की वस्तू मागे घेता येत नव्हती आणि फोटोही बदलता येत नव्हते. फक्त वर्णनाखाली भर घालता येत होती. आणि ह्या गड्याच्या वर बोली लावायला दुसरं कुणी येत नव्हतं. फोटो बघायला मात्र शेकडो लोक येऊन जात होते. शिवणारी माणसं येतात, बघतात आणि निघून जातात, हे काय गौडबंगाल आहे ते काकांना कळेना. आपले फोटो इतके चांगले, मग अडतंय कुठे? संध्याकाळी ताईंनी विचारलं, कापणारं कुणी आलं का? काकांनी बघू, बघू म्हणून वेळ मारून नेली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सकाळी एक प्रश्न येऊन पडला होता. विचारणारीचं नाव "काजंबटण". प्रश्न एका ओळीचा.

"तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या मोजपट्टीवरचे आकडे उलटे का आहेत?"

काकांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून बघितला. खरंच की. सगळे आकडे पाठमोरे. चाळीस वर्षांच्या धंद्यात हे एकदाही पकडलं गेलं नव्हतं, कारण माणसाच्या चेहऱ्यावर आकडे नसतात. आधी त्यांना चोरी सापडल्यासारखं वाटलं आणि मग नेहमीचं कुतूहल जागं झालं. ह्या बाईला मोजपट्टीशी काय करायचंय? कात्री उलटी दिसली काय, सुलटी दिसली काय, कात्री ती कात्रीच ना?

हाच प्रश्न घेऊन ते तडक ताईंकडे गेले. ताईंनी तो ऐकला. 

"तुला खरंच माहीत नाही?" त्यांनी विचारलं. "साठ वर्षं?"

मग त्यांनी खणातून घरातली साधी कात्री काढली, एक चिंधी दिली आणि काकांना डाव्या हाताने कापायला सांगितलं. काकांनी कापून बघितलं. चिंधी पात्यांमध्ये दुमडली. तीच कात्री उजव्या हातात घेतली, चिंधी सरळ कापली गेली. आता माझी घे, ताई म्हणाल्या. उजव्या हाताने. काकांनी मोठी कात्री उजव्या हातात घेतली आणि पतंगाचा कागद दुमडला होता तशीच चिंधी दुमडली. डाव्या हातात घेतली. हात सवयीचा नव्हता, रेघ वाकडीतिकडी गेली, पण कापड कापलं गेलं. खर्र असा स्वच्छ आवाज आला.

काका हातातल्या कात्रीकडे बघत राहिले.

मग ताईंनी समजावून सांगितलं. मूठ आवळली की अंगठा एका पात्याला बाहेर ढकलतो आणि बोटं दुसऱ्याला आत ओढतात. हात बरोबर असेल तर पाती एकमेकांना घासत जातात. हात चुकला तर मध्ये फट पडते आणि कापड फटीत शिरतं. सगळ्या कात्र्या उजव्या हातासाठी घडवलेल्या असतात, कारण जग उजव्या हाताचं आहे. ही एकच डाव्या हाताची. घरात ताईंनी हे कधी सांगितलं नाही ते मुद्दाम. शिवणकामाच्या कात्रीने लोक कागद कापतात, दोऱ्या कापतात, धार जाते. आपलं कुणी ऐकत नाही, तर निदान कात्रीने तरी दुसऱ्या कुणाचं ऐकू नये. हे सांगताना त्या पुन्हा गालात हसल्या.

कात्री आली कुठून, हेही काकांना त्या दिवशीच कळलं. ताई शिकाऊ असताना चार वर्षं डाव्या हाताने उजवी कात्री चालवत होत्या. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला होता, त्यातून रक्त यायचं. एकदा ते कापडाला लागलं आणि मालकांच्या लक्षात आलं. मालक रागावले नाहीत. दुकानातली चांगली कात्री घेऊन लोहाराकडे गेले, म्हणाले अशीच पण उलटी कर. लोहार म्हणाला उलटी म्हणजे कशी? मालकांनी त्याच्या दाढी करायच्या आरशासमोर कात्री धरली आणि आरशातली दाखवली. ही अशी.

"आरशातून काढून दिली होती त्यांनी मला ती," ताई म्हणाल्या. "तू परत आरशात घातलीस."

  आता कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. उजव्या हाताच्या लोकांना कात्र्यांचा तोटा नसतो, ते बघून पुढे जातात. ज्याला ही हवी, त्याला ती फोटोत दिसतच नव्हती. आणि "उत्तम स्थितीत" ह्या दोन शब्दांनी तर कुणालाच काही सांगितलं नव्हतं. ताईंनी फोनवर फोटो बघितले, खालच्या पात्यावरच्या रेघा कुठे गेल्या म्हणून विचारलं. ओरखडे म्हणून पुसल्या म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. त्या रेघा त्यांनी स्वतः कानशीने घासून केल्या होत्या, बोटबोट अंतरावर. शिलाईला किती कापड सोडायचं ते कापता कापता कळावं म्हणून.

"पण तू फोटो उलटे करतोस कशाला?" त्यांनी विचारलं.

काकांनी गुपित सांगून टाकलं. आरसा, गिऱ्हाईक, पालथी निगेटिव्ह, सगळं.

"सगळ्यांचे?"

"पासपोर्टचे सोडून सगळ्यांचे."

ताई उजव्या हाताने थरथरणारा डावा हात धरून बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माझाही?"

आणि काकांना तो फोटो आठवला. स्टुडिओ नवीन होता तेव्हाचा. ताई बेतायच्या टेबलाशी उभ्या, अंगात स्वतः शिवलेलं जाकीट, हातात हीच कात्री, आणि कधी नव्हे ती मान वर. काकांनी "हनुवटी जरा खाली" म्हणून ती खाली घ्यायला लावली होती. काकांच्या हातून उतरलेला सगळ्यात सुंदर फोटो. त्यांनी तो मोठा करून वर्षभर दुकानाच्या काचेत लावला होता. ताईंना दिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या की जाकिटाची बटणं उलट्या बाजूला आली आहेत. गुपित फुटतंय की काय म्हणून काकांनी विषय बदलला होता. तू स्वर्गात गेलीस तरी देवाच्या अंगरख्याची शिलाईच बघशील, असं काहीतरी बोलून हसण्यावारी नेलं होतं. नंतर तो फोटो ताईंच्या घरात कुठे दिसला नाही. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला काकांना एकदा सापडला होता. का ठेवलाय, हे विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता.

"त्या फोटोत कात्री माझ्या उजव्या हातात आहे," ताई म्हणाल्या. "आई आली होती तो बघायला, तुझ्या काचेसमोर. मी शेजारी उभी होते. म्हणाली, बघ, उजव्या हातात किती शोभून दिसतं. लहानपणी ह्या डाव्या हातावर किती पट्ट्या खाल्ल्यात मी, तुला माहीत आहे. मला वाटलं, आईने तुला सांगितलं असणार. निदान फोटोत तरी पोरीला सरळ कर म्हणून. आणि तू केलंस."

"ताई, शप्पथ, मला कुणी काही..."

"आता कळलं रे. पण चाळीस वर्षं मी हेच धरून बसले होते. तू पण त्यांच्यातलाच, असं."

 आपल्या फोटोंनी इतक्या लोकांना खूश केलं म्हणून काका मिरवत आले होते. आणि ज्या एका माणसाला खरा फोटो हवा होता, नेमकं तिलाच त्यांनी आरशात कोंडलं होतं. तिने सरळ विचारलं नाही हे खरं, पण तिने बटणं दाखवली होती. आपणच ऐकलं नाही. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

ताईंनी त्यांना थोडा वेळ रडू दिलं आणि मग फोनकडे बोट केलं. "उद्या सहाला संपतंय ना? मग लिही आता. फोटो बदलता येत नाही तर शब्द तरी बरोबर घाल."

अशा रीतीने, शब्दांना आयुष्यभर नाकं मुरडणारे हनुवटीकाका त्या दुपारी ताईंच्या रिकाम्या टेबलाशी बसून वर्णन लिहायला लागले. ताई सांगत होत्या, काका टाइप करत होते आणि मध्येमध्ये प्रश्न विचारून भंडावून सोडत होते. स्क्रू किती घट्ट असावा? तेल कुठलं? अंगठ्याच्या कड्याला आतून ही झीज कशाने? इतक्या वर्षांत त्यांनी बहिणीला तिच्या कामाबद्दल एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. दोन तासांनी वर्णनाखाली ही भर पडली.

"वरचे सगळे फोटो उलटे आहेत. चूक माझी. मोजपट्टीचे आकडे बघा म्हणजे कळेल. ही कात्री डाव्या हाताची आहे, तशीच घडवून घेतलेली. उजव्या हाताने चालवाल तर काही कापणार नाही, उगाच घेऊ नका. खालच्या पात्यावर बोटबोट अंतरावर रेघा आहेत, त्या मी फोटोतून पुसल्या, प्रत्यक्षात आहेत आणि फार कामाच्या आहेत. अंगठ्याचं कडं आतून झिजलेलं आहे, म्हणून ते टोचत नाही. टोकाकडे धार थोडी कमी झाली आहे, लावून घ्यावी लागेल. स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवला की जाड कापडालाही अडत नाही. साठ वर्षं एकाच बाईने वापरली. तिचा हात आता चालत नाही. कात्री चालते."

शेवटची दोन वाक्यं ताईंनी सांगितली नव्हती. वाचल्यावर त्यांनी ती खोडायलाही सांगितली नाहीत.

तासाभरात काजंबटणचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की ती डावखुरी आहे आणि सात वर्षं प्रत्येक कात्रीच्या फोटोतला स्क्रू आणि कडी निरखून बघते आहे. ह्या कात्रीच्या फोटोत काहीच वेगळं नव्हतं, पण मोजपट्टी उलटी दिसली आणि ती थांबली. मोजपट्टी उलटी तर मग कात्रीही. विचारायला भीती वाटली, कारण आधी दोनदा डावी म्हणून उजवीच गळ्यात पडली होती. तिने बोली लावली.

रविवारी दोघं भावंडं पाच वाजल्यापासून फोनसमोर. भिंतसजावटवाल्याने पुन्हा बोली लावली तर काजंबटणची बोली पुरी पडेल का, ही धाकधूक. साडेपाचला त्याचा निरोप आला. डावी आहे हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असा थोडा रुसवा होता त्यात. त्याच्या रांगेत सगळ्या कात्र्यांच्या मुठी एका बाजूला आणि स्क्रू समोर. हिची मूठ जुळवायला गेलं तर स्क्रू भिंतीकडे जातो. पाच एकीकडे बघतात आणि सहावी पाठ फिरवते, ते बरं दिसणार नाही. म्हणून तो थांबला होता.

"पाठ फिरवते म्हणे," ताई म्हणाल्या. "शहाणी आहे माझी."

सहा वाजले. कात्री काजंबटणची झाली. ताईंनी ती शेवटची फडक्यात गुंडाळली, दोन्ही हातांनी, आणि गाठ मात्र काकांना बांधू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात तिकडून एक फोटो आला. धंदेवाईक नजरेने बघितलं तर भयंकर. वाकडा, अर्धा अंधारात, कोपऱ्यात चहाचा कप. मधोमध निळ्या कापडाची कापलेली सरळ कड आणि त्यावर एक डावा हात. खाली लिहिलं होतं, "पहिल्याच कापात ऐकलं तिने." काकांनी तो फोटो उजळला नाही, कापला नाही, कपसुद्धा काढला नाही. ताईंना तसाच दाखवला. ताईंनी तो डोळ्याजवळ नेला, त्या हाताकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, मनगट जरा खाली ठेवायला सांग तिला, दुखायला लागेल.

काकांनी मग आणखी एक काम केलं. स्टुडिओचं शटर वर केलं, निगेटिव्हचे जुने डबे काढले आणि तिसऱ्या दिवशी हवी ती सापडली. डार्करूममधलं यंत्र पुसलं, शिल्लक कागदातला बरा कागद निवडला. निगेटिव्ह सवयीने पालथी घातली. मग लक्षात आलं, उचलली आणि सुलटी घातली. औषधाच्या पाण्यात कागदावर आधी टेबल आलं, मग जाकीट, मग हात. डावा.

तो फोटो घेऊन ते ताईंकडे गेले. जुना कपाटामागून काढला आणि त्याच्या चौकटीत नवा बसवला. ताईंनी खिडकीसमोरची भिंत दाखवली, काकांनी खिळा ठोकला.

"बटणं बरोबर बाजूला आली," ताई म्हणाल्या.

"हो."

"हनुवटी मात्र तू तेव्हा खाली घ्यायला लावलीस."

काका ओशाळले. ताई फोटोसमोर सरळ उभ्या राहिल्या. थरथरणारा डावा हात त्यांनी उजव्याने धरला नाही, तसाच मोकळा सोडला, आणि हनुवटी वर केली. काकांनी ह्या वेळी ती खाली घ्यायला सांगितली नाही.